सल्ला हवा: १४ महिने सलग एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाची अनियमित लय), हायब्रिड अ‍ॅब्लेशन करावं का?

सिंहगडरोडकर
बाबा ६६, बीपी आहे, साखर नाही. शॉक देऊन लय आली होती, तीन आठवड्यांत पुन्हा बिघडली. सध्या अमिओडॅरोन (लय सांभाळायची गोळी) आणि एपिक्साबॅन (रक्त पातळ करायची). टू-डी एको: डावा वरचा कप्पा ४.९ सेंमी, झडपा ठीक. एक डॉक्टर म्हणतात साधं कॅथेटर अ‍ॅब्लेशन (शिरेतून नळी घालून गडबडीची जागा भाजणं), दुसरे म्हणतात हायब्रिड (सर्जन बाहेरून आणि कॅथेटर आतून). पुण्यातच करायचंय. फायदा-धोका नेमका काय?

पी_लहर
वर्षावर सलग एएफ म्हणजे 'लाँग-स्टँडिंग पर्सिस्टंट'. हायब्रिड मुख्यतः याच गटासाठी आहे. येऊन-जाऊन होणाऱ्या एएफला कुणी सुचवलं तर आधी दुसरं मत घ्यावं.

सुरुवातीला गडबड फुप्फुसाच्या शिरांच्या तोंडाशी असते, तिथे गोल डाग देऊन भागतं. जुनं झालं की कप्प्याची मागची भिंतच एएफ धरून ठेवते. सर्जन छातीच्या हाडाखाली छोटा छेद देऊन ही भिंत बाहेरून भाजतात. पण हृदयावरच्या आवरणाच्या घड्यांमुळे शिरांच्या काही भागापर्यंत बाहेरून पोचताच येत नाही. ती राहिलेली फट आतून कॅथेटर बुजवतं. म्हणून दोघं लागतात.

'कन्व्हर्ज' चाचणीत (१५३ रुग्ण) वर्षभरानंतर हायब्रिड ६७.७ टक्के यशस्वी, नुसतं कॅथेटर ५०. पण मोठी गुंतागुंत ७.८ टक्के विरुद्ध शून्य. हा दुसरा आकडा ओपीडीत सहसा आपणहून सांगत नाहीत, विचारून घ्या.

मुठाकाठ
+१. आधी बायपास किंवा दुसरी ओपन हार्ट झाली असेल तर आवरण चिकटलेलं असतं, हा मार्ग बहुधा बाद. छातीच्या बाजूने दुर्बिणीने करणार असतील तर मध्ये एक फुप्फुस बंद ठेवतात. जुना टीबी किंवा सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) असल्यास भुलीच्या डॉक्टरांना आधीच सांगा.

आता डिस्चार्जनंतरचं, कारण घोळ तिथेच होतो.

पहिले तीन आठवडे: धाप, छातीत दुखणं, बीपी खाली येणं. हृदयाभोवती पाणी साचत असू शकतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आणखी. 'गॅस असेल' म्हणून ओवा खात बसू नका, त्याच दिवशी एको.

दोन महिन्यांपर्यंत: ताप, गिळताना दुखणं, बोलण्यात किंवा हातात अचानक फरक. कप्पा आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. क्वचित, पण जीवघेणं. तपासणी कॉन्ट्रास्ट सीटीची. एंडोस्कोपी करू देऊ नका: तिच्यात अन्ननलिकेत हवा भरतात, ती भोकातून कप्प्यात आणि तिथून मेंदूत जाते. तापासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर अ‍ॅब्लेशन झाल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर हवा.

सिंहगडरोडकर
बाप रे. आणि यशस्वी झालं तर एपिक्साबॅन बंद ना? बाबांचा सगळा जीव त्यातच अडकलाय.

पी_लहर
नाही. निदान दोन-तीन महिने सगळ्यांनाच चालू राहते. पुढे लयीवर नाही, सीएचएडीएस-व्हॅस्क गुणांवर (पक्षाघाताचा धोका मोजायची पद्धत) ठरतं. वयाचा १, बीपीचा १, म्हणजे बाबांचे २. गोळी राहणार असंच धरा. सर्जन त्याच वेळी डाव्या कप्प्याच्या पिशवीला (अपेंडेज) क्लिप लावणार का विचारा; गुठळ्या बहुतेक तिथेच होतात. क्लिप लागली तरी गोळी मनाने बंद नको.

आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परत आली तर 'फेल गेलं' म्हणून घाबरू नका. भाजलेली जागा सुजलेली असते, तो काळ निकालात धरत नाहीत.

मुठाकाठ
पुण्यात कार्डिऑलॉजिस्ट ढीगभर, पण तुम्हाला ईपी हवेत, म्हणजे लयीचे तज्ज्ञ, आणि हीच शस्त्रक्रिया नियमित करणारे सर्जन. दोघांना एकत्र भेटा. दोघांची मिळून किती झाली, दोन्ही टप्पे एकाच दिवशी की मध्ये काही आठवडे, हे विचारा. अंतर असेल तर विम्याच्या टीपीएकडून (दावे हाताळणारी मधली कंपनी) दोन्ही टप्प्यांची मंजुरी सुरुवातीलाच लेखी घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी 'हाच आजार, हेच पॅकेज' म्हणून अडवतात.

अमिओडॅरोन चालू आहे तर थायरॉइडची (टीएसएच) आणि लिव्हरची तपासणी कधी झाली?

सिंहगडरोडकर
झालेलीच नाही. उद्या सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावतो.