शेनझेनला एक दिवस मोकळा आहे, काय आणू?

सांगलीकर_पंपवाला:
मंडळी, ऑक्टोबरात कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला चीनमध्ये ग्वांगझोउला जातोय. मधे एक दिवस मोकळा आहे, तेव्हा शेनझेनचा हुआछियांगबेई हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार बघून येईन म्हणतो. मोबाइलची कव्हरं नि सेल्फी-स्टिक नकोत. बघणारा हसला तरी चालेल, पण घरी रोज कामाला येईल असं काही सुचवा. बॅगेत चारेक किलोची जागा आहे.

खटपट्या:
मी शेनझेनला माल तपासणीच्या नोकरीत होतो, आता पुण्यात दुरुस्तीची कामं करतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ग्वांगझोउ साउथहून फुतियानला बुलेट ट्रेन पकडा. पुढे मेट्रोच्या १ नंबर लाइनवर हुआछियांग लूला उतरून सेग प्लाझा या बाजाराच्या उंच इमारतीपर्यंत चालत जायचं. मे २०२१ मध्ये हलायला लागली म्हणून रिकामी केली होती, तीच ही इमारत. गच्चीवरचा खांब वाऱ्याने थरथरत होता. तो उतरवला आणि बाजार परत सुरू.

तुम्ही पंपवाले, तर डोळे मिटून घ्यायची वस्तू म्हणजे एलसीआर-टी४ टेस्टर, सर्किटचे सुटे भाग तपासणारा. दिसायला भंगार: उघडी सर्किट पट्टी, चिमुकला पडदा, ९ व्होल्टची बॅटरी, एकच बटण. ट्रान्झिस्टर कसाही खोचा, कुठला पाय बेस नि कुठला कलेक्टर हे चित्र काढून दाखवतो. मूळ डिझाइन मार्कुस फ्रेयेक आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर या जर्मन हौशी मंडळींचं, सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं. चिन्यांनी ते स्वस्तात गल्लोगल्ली पोचवलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पंपाच्या कपॅसिटरवर ३६ मायक्रोफॅरड छापलंय आणि हा २२ दाखवतोय, तर टाकून द्या. पण कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचाच, म्हणजे आत साठलेली वीज उतरवायची, नाहीतर टेस्टरची चिप जागच्या जागी जाते. शिवाय तो तपासतो अगदी कमी व्होल्टेजवर. त्यामुळे ४४० व्होल्टला दगा देणारा कपॅसिटरही त्याला ठणठणीत वाटू शकतो.

मास्तरीणबाई:
माझं मत खिशातल्या थर्मल प्रिंटरला. शाई लागत नाही, मोबाइलवरून छापतो. चीनमध्ये शाळकरी मुलं चुकलेली गणितं त्यावर छापून वहीत चिकटवतात. आमच्याकडे चिरंजीवांपेक्षा सासूबाईच जास्त वापरतात: भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी, सगळ्या डब्यांना लेबलं. फक्त गॅसजवळच्या डब्यावरचं लेबल काळं पडतं. कागद उष्णतेनेच उमटतो, त्याला इलाज नाही. रोल ५७ मिलिमीटर रुंदीचा असतो. दुकानातल्या बिलाचाही त्याच रुंदीचा मिळतो, पण जाडजूड गुंडाळी आत मावत नाही. थोडा कागद उलगडून काढावा लागतो.

सांगलीकर_पंपवाला:
बाई, प्रिंटर पक्का, आईसाठी! खटपट्या भाऊ, आमच्याकडे लाइट गेली की वायफायही जातं. त्यावर काही?

खटपट्या:
आहे की. पॉवर बँकेवर १२ व्होल्टचा राउटर चालवणारी केबल, तीही दोन जातींची. एक साध्या यूएसबीचे ५ व्होल्ट वाढवून १२ करते. राउटर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर १२ वॅट लागणार, वर केबलची घट वेगळी. पॉवर बँकेचं ५ व्होल्ट २ अँपिअरचं तोंड देतं जेमतेम १० वॅट, म्हणजे राउटरने जोर लावला की बंद. दुसरी यूएसबी-सीची पीडी ट्रिगर केबल (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, जास्त व्होल्टेज मागून घ्यायची पद्धत). ती पॉवर बँकेकडे थेट १२ व्होल्ट मागते. मेख अशी, की पीडीत ५, ९, १५, २० व्होल्ट या ठरलेल्या पायऱ्या आणि १२ ऐच्छिक. तेव्हा पॉवर बँकेच्या पाठीवर १२व्ही छापलंय का, ते वाचूनच पैसे द्या. आणि तिला चार्जर लावता-काढताना पुरवठा क्षणभर तुटतो, राउटर पुन्हा सुरू होतो. तेवढं चालवून घ्या.

पॉवर बँकेत वापरतात त्या १८६५० नावाच्या गोल सेलवर '९९०० एमएएच' अशी क्षमता दिसली तर हसून पुढे व्हा. खरा चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो आणि ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. खिशात छोटा वजनकाटा ठेवा, नाहीतर तोही तिथेच घ्या.

मास्तरीणबाई:
पॉवर बँकेचं सांगायचं राहिलं. जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ३सी शिक्का (चीनचं सक्तीचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली चालत नाही. इथून नेलेलीवर तो बहुधा नसतो, तेव्हा तिकडे आत कुठे उडणार असाल तर घरीच ठेवा. येताना नवी हातातल्या पिशवीत, १०० वॅट-अवरच्या आतली.

सांगलीकर_पंपवाला:
राउटर उलटा करून पाहिला, १२ व्होल्ट दीड अँपिअर. म्हणजे ट्रिगरवालीच केबल ना?

खटपट्या:
तीच. जाड पिन नि बारीक पिन असे दोन प्रकार असतात, राउटरच्या पिनचा फोटो काढून न्या.