परदेशातून आईच्या साध्या फोनवर रोज स्वस्तात बोलायचं कसं?

रानवारा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लांबच्या प्रवासाला निघतोय. आधी दुबईत नणंदेकडे, मग इटली आणि थोडं स्वित्झर्लंड, तिथून भूमध्य समुद्रातली क्रूझ आणि शेवटी अमेरिकेत लेकीकडे मुक्काम. तिकिटं, व्हिसा, विमा सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते फोनपाशी.

आईचं वय ऐंशीच्या पुढे. तिच्याकडे लँडलाइन आहे आणि एक बटणांचा मोबाइल. दोन्हींत इंटरनेट नाही. स्मार्टफोन आणून दिला होता, तो "खराब होईल गं" म्हणत तिने खोक्यासकट कपाटात ठेवलाय. तेव्हा कृपा करून "आईंना व्हॉट्सॲप शिकवा" हा सल्ला नको, तो घरातल्या प्रत्येकाने देऊन झालाय. शिवाय अनोळखी नंबर ती उचलत नाही. फसवणुकीचे फोन इतके येतात की तिला तसं बजावून ठेवावंच लागलं.

रोज पाच-दहा मिनिटं बोलणं व्हायला हवं. रोमिंगचा पॅक घ्यावा, तिकडची सिम घ्यावी, की आणखी काही मार्ग आहे? बँकेचे ओटीपी माझ्या नेहमीच्या नंबरवर येतात, म्हणजे तोही चालू राहिला पाहिजे. यांचा फोन जरा जुना आहे, माझा बऱ्यापैकी नवा.

झोळीवाला

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायची सिम, घ्या आणि मोकळे व्हा. घरी बसून क्यूआर कोड स्कॅन करायचा, विमानातून उतरलं की डेटा सुरू. आपली सिम फोनमध्येच राहते, ओटीपी तिच्यावर येतात. फक्त तिचं डेटा रोमिंग बंद ठेवा. आणि सेटिंगमध्ये डेटासाठी आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची मुभा असते ती काढून टाका, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमवरून डेटा ओढायला लागतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणा.

रानवारा

हे उपयोगी आहे, पण हे झालं माझ्या टोकाचं. आईच्या लँडलाइनपर्यंत आवाज पोचणार कसा?

जुना_दर्यावर्दी

ताई, माझी उमर मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. बंदराला लागलं की पहिली धाव टेलिफोनकडे. खलाशांच्या क्लबात कॉलिंग कार्डं मिळायची. पट्टी खरवडून पिन काढायचा, आधी एक नंबर फिरवायचा, मग पिन, मग घरचा नंबर, आणि मागे रांगेत उभा असलेला गडी घड्याळ बघतोय. कार्डाच्या पुढच्या बाजूला मिनिटं ठळक छापलेली, मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बाकीचं: जोडणीचे वेगळे, तीन-तीन मिनिटांच्या पटीत मोजणार, पहिल्या कॉलनंतर दर आठवड्याला देखभालीचे कापणार. एकाच बैठकीत भरपूर बोलणाऱ्याला ते परवडायचं. तुमच्यासारखं रोज थोडं बोलणाऱ्याचं अर्धं कार्ड न बोलताच संपायचं. कार्डं आता फारशी दिसत नाहीत, पण ती मागची बाजू ॲपच्या अटींमध्ये जाऊन बसलीय, म्हणून एवढं सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. व्हॉट्सॲपवरून व्हॉट्सॲपवर बोलताना आवाज सगळा इंटरनेटवरून जातो, म्हणून वेगळे पैसे पडत नाहीत. आईंच्या फोनवर पोचायचं तर शेवटच्या टप्प्यात तो इंटरनेट सोडून टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो, आणि आईंचा फोन ज्या कंपनीचा आहे ती कॉल पोचवण्याचा आकार लावते. स्वस्त-महाग इथे ठरतं. तुम्ही इटलीतून बोलताय की अमेरिकेतून, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल लावणाऱ्या ॲपचं दरपत्रक उघडलंत की आईंचा देश काढा, आणि लँडलाइन आणि मोबाइल यांचे दर वेगळे आहेत का ते बघा. कित्येक देशांत लँडलाइन बरीच स्वस्त पडते, काही ठिकाणी उलटंही असतं.

या कामाला पूर्वी सगळे स्काइप वापरायचे. ते मे २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हा कोणी जुना सल्ला दिला तर सोडून द्या. आता व्हायबर आउट आहे, रेबटेल आहे. इंटरनेट तुमच्याकडे लागतं, आईंकडे नुसती घंटा वाजते. मिनिटाचा दर सगळेच बघतात. ६१ सेकंदांची दोन मिनिटं धरतात का आणि न वापरलेली शिल्लक कधी बाद होते, तेही वाचा. रोज बोलणार असाल तर महिन्याचा मिनिटांचा पॅक सुट्या दरापेक्षा बहुतेक वेळा बरा. डेटाचं फार मनावर घेऊ नका, नुसत्या आवाजाला दोन्ही बाजूंचा मिळून मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो. व्हिडिओचं गणित वेगळं.

नेहमीची सिम ओटीपीसाठी चालू ठेवणार ना? मग निघण्याआधी घरूनच ##००२# फिरवा. सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. नंतर कंपनीकडून खात्री करून घ्या, कारण काही ठिकाणी व्हॉइसमेल वेगळं बंद करावं लागतं. यामागचं कारण ऐका. कोणीतरी तुम्हाला फोन लावतो, तो तुमच्या मागोमाग परदेशात येतो, तुम्ही उचलत नाही, मग तो वळून परत मायदेशी व्हॉइसमेलला जातो. म्हणजे जातानाचाही आणि येतानाचाही आंतरराष्ट्रीय कॉल, आणि दोन्ही तुमच्या बिलात लागू शकतात. आमच्या एका सेकंड इंजिनियरला असं बिल आलं होतं. फोन त्याच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, बोलला एक शब्द नाही.

आणि क्रूझवर चढलात की दोघांचे फोन फ्लाइट मोडवर. किनारा लांब गेला की जहाजाचा स्वतःचा टॉवर सुरू होतो, तो उपग्रहामार्फत जोडलेला असतो आणि आपला फोन कोणाला न विचारता त्याला जाऊन चिकटतो. ते जाळं कुठल्याच देशात मोडत नाही, त्यामुळे युरोपचा पॅक तिथे लागू होत नाही. बोलायचं ते बंदरात उतरल्यावर. रोज बोलणं हवंच असेल तर जहाजाचं वायफाय विकत घ्यावं लागेल, पण त्यातून कॉल चालतात का हे आधी विचारा. सगळ्या पॅकेजांत चालत नाहीत.

निळीछत्री

दुबईत राहते म्हणून लिहितेय. व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, रेकॉर्ड केलेला आवाज सगळं जातं. कॉल मात्र लागत नाही, फेसटाइमचाही नाही. परवाना असलेली बोटिमसारखी ॲप्स चालतात. वर सांगितलेली ॲप्स इथल्या वायफायवर चालतीलच असं धरून येऊ नका. आपल्याच देशाच्या सिमवर रोमिंगचा डेटा घेतला तर तो बहुतेक वेळा मायदेशातल्या कंपनीकडून फिरून इंटरनेटला लागतो, त्यामुळे पाहुण्यांचे कॉल कधी कधी लागतात, पण त्यावर विसंबू नका. आणि कोणी व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवणारं ॲप सुचवेल, त्या फंदात पडू नका, इथला कायदा त्याबाबतीत कडक आहे.

तुमच्या नणंदेच्या पोस्टपेडवर परदेशी कॉलची मिनिटं असण्याची बरीच शक्यता आहे. तिलाच आईंना फोन लावायला सांगा. तिचा नंबर निघण्यापूर्वी आईंच्या मोबाइलमध्ये नावानिशी घाला.

दोनसिमवाली

वायफाय कॉलिंगचं कोणीच कसं बोललं नाही? माझ्या मते रानवाराताईंसाठी हाच पहिला उपाय आहे.

फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करायचं, मग फ्लाइट मोड लावायचा आणि त्यावर फक्त वायफाय चालू करायचं. कॉल वायफायवरून थेट तुमच्या घरच्या कंपनीत पोचतो आणि तिथून नेहमीसारखा आईंना लागतो. स्क्रीनवर तुमचाच नंबर दिसतो. अनोळखी नंबरची कटकटच राहत नाही. ओटीपीचे एसएमएससुद्धा बहुतेक वेळा याच वाटेने येतात.

फ्लाइट मोड कशासाठी? तो नसला आणि हॉटेलचं वायफाय जिन्यात क्षीण झालं, तर चालू कॉल तिथल्या टॉवरवर सरकतो आणि तिथून पुढे रोमिंगचा दर.

मेख एकच. परदेशातून केलेला असा कॉल काही कंपन्या घरचाच धरतात, काही रोमिंग धरतात, काही तो लागूच देत नाहीत. कस्टमर केअरला फोन करून दोन माणसांना विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. चॅटवर किंवा ईमेलवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. सुविधा सुरू झाली की नाही ते घरीच तपासा: फ्लाइट मोड आणि वायफाय लावून शेजारच्या खोलीतून आईंना फोन करा.

रानवारा

हे तर झकासच! आज रात्रीच करून बघते. पण कंपनीने नाही म्हटलं आणि ॲपवर आले, तर तिला कोणता नंबर दिसेल?

जुना_दर्यावर्दी

काही ॲपमध्ये तुमचा नंबर पडताळून घेतला की पलीकडे तोच दाखवायची सोय असते. पण हल्ली बऱ्याच देशांत, बाहेरून येणारा आणि तरी आतला नंबर दाखवणारा कॉल संशयित म्हणून अडवतात. फसवणारे हीच युक्ती करतात ना! त्यामुळे आईंना कधी "प्रायव्हेट" दिसेल, कधी भलत्याच देशाचा आकडा.

तेव्हा नंबरावर विसंबू नका, घंटेवर विसंबा. दोन घंटा, कट, लगेच पुन्हा घंटा, म्हणजे लेक. लँडलाइनवर तर नंबर दिसला नाही तरी हे चालतं, आणि उचलला नाही तर सहसा पैसे पडत नाहीत. आमच्या घरी हे ठरलेलं होतं. धाकट्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून तो दुसऱ्या घंटेला फोनकडे रांगायचा.

नकाशेवाला

इटली-स्वित्झर्लंडबद्दल थोडं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाची सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालते. आइसलँड, नॉर्वे आणि लिश्टेनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. आणि कोमोसारख्या सरोवरांच्या बाजूला सरहद्द इतकी जवळ आहे की इटलीत उभं राहूनही फोन स्विस टॉवर पकडू शकतो. त्या भागात नेटवर्क आपोआप न ठेवता हाताने निवडा. ई-सिम घेताना यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे का तेही बघा, "युरोप" एवढं लिहिलेलं पुरत नाही.

आणखी एक: हा नियम युरोपातल्या युरोपात. इटलीची सिम घेऊन संघाबाहेर आईंना थेट फोन लावलात तर तो आंतरराष्ट्रीय कॉल, आणि त्याला त्या कंपनीचा वेगळा दर. बरेच लोक इथे फसतात.

आणि सगळे नंबर + आणि देशाच्या कोडासकट साठवा. अमेरिकेतून बाहेर लावायला ०११, युरोपात ००, ही पाठांतरं त्यामुळे वाचतात. सुरुवातीचा शून्य बहुतेक देशांत गाळतात, पण इटलीच्या लँडलाइनचा गाळायचा नाही. हॉटेलला फोन लागत नसेल तर आधी तो शून्य तपासा.

झोळीवाला

काकांच्या जुन्या फोनबद्दल राहिलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं. फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून साधा कॉल करायची सोय नसेल किंवा तिथल्या जाळ्याला त्या फोनचं व्होल्टी मान्य नसेल, तर इंटरनेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही, अगदी ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबरसुद्धा. लेकीला सांगून मॉडेलचं नाव तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर तपासून घ्या.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: दुबईत नणंदेचा फोन, बाकी सगळीकडे वायफाय कॉलिंग, ते नाही जमलं तर ॲपवरून लँडलाइन, आणि क्रूझवर फक्त बंदरात. ##००२# फिरवून झालं. आईला दोन घंटांचं सांगितलं, तर म्हणाली, "मग मी रात्री आठला फोनपाशीच बसते."

दोनसिमवाली

मग एक बघा. तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे असाल तर घड्याळं बदलतात. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दोन्हीकडे तासभर मागे. आईंच्याकडे घड्याळ बदलत नसेल तर त्यांचे आठ तुमच्याकडे एकदम एक तास आधी वाजतील. फोनच्या घड्याळात आईंच्या गावची वेळ दुसऱ्या ओळीत लावून ठेवा आणि गजर तिच्यावरून लावा.