जुन्या टर्बो डिझेलचं इंजिन घरी उघडावं का? माझं मत: उघडावं

कृष्णाकाठ (सांगली)
माझी स्विफ्ट डिझेल २००९ची. २ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खायला लागली होती. गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला निळा धूर इतका, की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारून मारून बाजूला घ्यायला लावलं.

गॅरेजने फुल इंजिन कामाचे ८५ हजार सांगितले. मी नको म्हणालो, पण पैशासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने (नाव घेत नाही) याच गाडीचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बदलला होता. तो नवा टर्बो चौदा महिन्यांत गेला. शाफ्ट बोटाने हलवला तर पंखा हाउसिंगला घासत होता. पुन्हा तेच उत्तर, टर्बो बदला.

या वेळी मी घरी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोललं. ऑइल स्ट्रेनरच्या जाळीवर काळा थर होता, भांड्याच्या बुडाला करपून बसलेल्या काकवीसारखा. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. अर्ध्याहून जास्त जाळी बंद. आता विचार करा, एवढासा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि त्याचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. वर ऑइलच पोचत नसेल तर तीन टर्बो घाला, तिन्ही जातील. त्या गॅरेजवाल्याने चेंबरचे बोल्ट काढले असते तर तेव्हाच दिसलं असतं. त्याला पुढची गाडी रॅम्पवर घ्यायची होती. मला घाई नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं: बोअरिंग, होनिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, मोठा करून आतून घासणं) आणि हेड फेसिंग (इंजिनाच्या हेडचा तळ सपाट करणं) कुपवाड एमआयडीसीत लेथवर द्या. पण उतरवणं, मोजणं, धुणं आणि बसवणं स्वतः करा. इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं. तेच रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टात होतं. मारुतीने २०२०मध्ये डिझेल बंद केलं तरी पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून सहज मिळतात.

मिरजेचा फिटर
साहेब, स्ट्रेनर तुम्हाला सापडला, चांगलं झालं. पण त्यावरून सगळ्यांना घरी इंजिन उघडा म्हणून सांगू नका. बावीस वर्षं हेच काम करतोय. घरी उघडलेली आणि पोत्यात घालून माझ्याकडे आणलेली इंजिनं मोजायची सोडलीत. कुठला बोल्ट कुठला, पत्ता नाही. बेअरिंग कॅप (बेअरिंग जागेवर धरणारे टोप) उलटसुलट झालेल्या.

त्याहून मोठी भीती दुसरी आहे. टर्बोच्या सीलमधून ऑइल इनटेकमध्ये गेलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, वाढतच जातं. आम्ही त्याला इंजिन पळालं म्हणतो. मी दोनदा बघितलंय. एकदा पोरगं बॉनेटखाली वाकलेलं होतं, हाताला धरून मागं ओढलं त्याला. आणि कॉमन रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या) पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनवर गळती बोटाने बघायला गेलात तर डिझेल कातडीच्या आत जातं. हे घरच्या पोर्चमध्ये करायचं काम नाही.

हिशेबी (विटा)
२००९ची गाडी, म्हणजे १५ वर्षं २०२४लाच भरली. पुढचं रजिस्ट्रेशन पाचच वर्षांचं. एवढ्यासाठी महिनाभर रजा, टॉर्क रेंच, डायल गेज, वर जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स? विका आणि मोकळे व्हा. माझं यात एवढंच मत.

किर्लोस्करवाडीकर
हिशेबीदादा, विकली तरी ती कुणीतरी चालवणारच ना, त्याच धुरासकट.

मी टूलरूममधून निवृत्त झालो. १९१०पासून ज्या गावात लोखंडावर काम चाललंय, तिथला माणूस घरी इंजिन उघडू नका असं म्हणणार नाही. पण फिटरभाऊंची पोत्याची गोष्ट खरी आहे. कृष्णाकाठ, तुमच्या पोस्टमध्ये एकही माप नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती आलं? बोअर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा असा मोजला का? ऑइल नुसतं टर्बोतूनच जात असेल तर तुम्ही बोअरिंग कशासाठी करताय?

कृष्णाकाठ
काका, रास्त विचारलंत. चार नंबर सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी. ऑइलचे थेंब टाकून परत घेतलं तर चढलं, म्हणजे रिंगा आणि बोअर. स्टँडर्ड बोअर ६९.६ मिलिमीटर. चार नंबर वरच्या बाजूला ०.०८ मिलिमीटरने मोठा आणि अंडाकृती. माप सकाळी सहाला घेतलं, वरचा पत्रा तापून माप फुगायच्या आत. चारही बोअर ओव्हरसाइजला (मोठ्या मापाच्या पिस्टनसाठी) दिलेत.

फिटरभाऊ, कॅपचं म्हणाल तर प्रत्येक काढताना फोटो घेतलाय, नंबर आणि दिशा मार्करने लिहिलीय, बोल्ट पुठ्ठ्यावर टोचून ठेवलेत. हेडचे बोल्ट नवे आणलेत, कारण डिग्रीने (कोन मोजून) फिरवलेला बोल्ट ताणला जातो. टर्बोचा ऑइल पाइपही नवा घेतोय, जुन्याच्या आत जळकं ऑइल बसलंय. बसवताना टर्बोत हाताने ऑइल भरून शाफ्ट फिरवणार. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून, रिटर्नमधून ऑइल येईपर्यंत नुसता स्टार्टर. इंजिन पळण्याचं मात्र मी धरलं नव्हतं, हे कबूल करतो.

मिरजेचा फिटर
तुम्ही नीट करताय. तरी माझं मत तेच, कारण हे वाचून जो सुरू करेल तो पुठ्ठ्यावर बोल्ट टोचणार नाही.

तुमच्यापुरतं सांगतो. इनटेकचे सगळे पाइप काढून आतलं जुनं ऑइल पुसून घ्या, नाहीतर नव्या टर्बोवरही इंजिन पळेल. इंजेक्टर घरी खोलू नका, टेस्ट बेंचवर द्या. पहिल्या स्टार्टला एकटे नको, गाडीत एक माणूस बसवा. नाहीच थांबली तर ब्रेक दाबून पाचव्या गिअरला क्लच सोडायचा, त्याला आधीच समजावून ठेवा. आणि एअर फिल्टरचा पाइप काढून तोंडावर दाबायला जाड फळी हाताशी ठेवा. हात लावायचा नाही, फळीच.