मदत हवी आहे: पणजोबांच्या खतावणीतलं 'रशी घासलेट' म्हणजे सोव्हिएत तेल का?

नमस्कार मंडळी,

पणजोबांचं किराणा दुकान होतं. माळ्यावर त्यांच्या मोडीतल्या खतावण्या सापडल्या, निम्म्या वाळवीने खाल्लेल्या. शके १८४९ च्या वहीत दिवाळीनंतर घासलेटच्या डब्याचा भाव उतरत गेलेला दिसतो, आणि दोन ठिकाणी डब्यापुढे 'रशी' लिहिलंय. निदान मला तसं लागतंय. माझी मोडी बेताचीच.

शके १८४९ म्हणजे १९२७-२८. बोल्शेविकांनी १९२० मध्ये कास्पियन समुद्राकाठच्या बाकूच्या तेलविहिरी ताब्यात घेतल्या, त्यात रॉयल डच शेल या तेल कंपनीचा पैसा बुडाला. तिचे सर्वेसर्वा हेन्री डेटर्डिंग यांच्या लेखी सोव्हिएत तेल म्हणजे चोरीचा माल. तरी न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलने तेच रॉकेल हिंदुस्थानात विकायला आणलं. डेटर्डिंग भडकले आणि सप्टेंबर १९२७ पासून इथे भाव पाडापाडी सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनने सोव्हिएत सरकारशी संबंध तोडले होते. लंडनमधून रशियन वकिलात बाहेर आणि इथल्या कंदिलात रशियन तेल! मधे अमेरिकन कंपनी असली की झालं.

पुढच्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या अ‍ॅक्नाकॅरी वाड्यात, शिकारीच्या निमित्ताने, बड्या कंपन्यांनी आपापला बाजार आहे तसा वाटून घेतला. ते एक असो.

अडलंय ते इथे: हा 'रशी' त्या तेलाचाच का? आणि मुंबई बंदरातली घसरण तालुक्याच्या दुकानापर्यंत इतक्या लवकर पोचत असे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: नुसत्या 'रशी'वर भिस्त ठेवू नका. काळ्या समुद्रावरच्या बाटुम बंदरातलं रॉकेल सुएझमार्गे झारच्या काळापासून इकडे येत होतं, त्यामुळे ते नाव बाजारात आधीच रुळलेलं असू शकतं. पहिल्या महायुद्धातली वही आहे का? १९१४ च्या शेवटी तुर्कांनी दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केल्यावर काळ्या समुद्रातून तेल बाहेर पडायला वाटच नव्हती. १९१६ मध्येही 'रशी' सापडलं, तर ते नुसतं दुकानी नाव समजा.

धागाकर्ता: वा, हे डोक्यातच आलं नव्हतं! शके १८३८ ची वही आहे, कडा तेवढ्या गेल्यात. रविवारी माळ्यावर चढतो. फोटो टाकले तर मोडी लागणारं कुणी बघेल का?