खली जपानमध्येच राहिला असता तर?

देवगडचा_खुंट:
खलीचा विषय निघाला की गाडी दोनच टोकांना अडते. एक तर "देशाची शान", नाहीतर "त्याला कुस्ती कुठे येत होती". मला तिसरंच विचारायचंय.

एप्रिल २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउनवर अंडरटेकरसमोर येऊन उभा राहण्याआधी, २००१-०२ च्या सुमारास तो न्यू जपान प्रो-रेसलिंगमध्ये 'जायंट सिंग' नावाने लढायचा. जोडीला ब्राझीलचा जायंट सिल्व्हा. समजा तो तिथेच टिकला असता, किंवा २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून टीएनए या दुसऱ्या अमेरिकन कंपनीशी करार केला असता, तर काय झालं असतं? "स्टार झाला असता", "नसता झाला" एवढ्यावर सोडू नका. लढतीची लांबी, दौरे, रिंग, पैसा, गुडघे, सगळ्याचा हिशेब मांडा. निकाल आधी ठरलेला असतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे. "सगळं खोटं असतं" हे सांगायला येणाऱ्यांनी थेट नारळ लढवायला जावं, पौर्णिमा जवळ आलीच आहे.

मालवण_रिंगसाइड:
जपानपासून सुरू करू, कारण तिथलं गणित मुळातच वेगळं आहे.

डब्ल्यूडब्ल्यूईचं चाक दर आठवड्याच्या टीव्हीवर फिरतं. नवा राक्षस आणला की दर आठवड्याला त्याच्याकडून कुणालातरी दोन-तीन मिनिटांत चिरडून घ्यायचं, मग महिन्याच्या मोठ्या कार्यक्रमात मोठ्या नावासमोर उभा करायचा. खलीचं तसंच झालं. २१ मे २००६ ला जजमेंट डेमध्ये त्याने अंडरटेकरला सरळ हरवलं, तेही नऊ मिनिटांच्या आत. लढत छोटी, त्यात चाल कमी, कॅमेरा खालून लावलेला, बोलायला बाजूला दुसरा माणूस. उणिवा झाकायची सगळी सोय तयार.

न्यू जपानमध्ये हिशेब दौऱ्याचा. दोन-तीन आठवडे रोज नवं गाव, शेवटी एखादं मोठं सभागृह. मधल्या बहुतेक रात्री जोडीच्या किंवा तीन विरुद्ध तीन अशा लढती असतात. इथे राक्षसाची मजा आहे. तो दोराबाहेर उभा राहतो, साथीदार घाम गाळतात, मग टॅग होऊन आत यायचं, एक लाथ, डोक्यावर एक थाप, दोघांना एकदम खाली पाडायचं आणि परत बाहेर. रात्रीचं खरं काम दोन-तीन मिनिटांचं. गुडघ्यांच्या दृष्टीने हे डब्ल्यूडब्ल्यूईपेक्षा परवडणारं. जायंट सिंगला तिथे वापरलंही असंच. सिल्व्हासोबत चार तरुण पोरांविरुद्ध उभा केला आणि त्या चौघांत हिरोशी तानाहाशी होता. पुढे तोच कंपनीचा चेहरा झाला!

अडचण पुढे आहे. जपानमध्ये वर चढायचे दोन रस्ते, जी-वन क्लायमॅक्स ही दरवर्षीची स्पर्धा आणि आयडब्ल्यूजीपी हा कंपनीचा सगळ्यात मोठा पट्टा. २००२ च्या जी-वनमध्ये १२ जण होते, दोन गट, गटात प्रत्येकाच्या ५ एकेरी लढती, प्रत्येकीला ३० मिनिटांची मर्यादा, आणि ऐन ऑगस्टचा उकाडा. पट्ट्याच्या लढतीला मर्यादा ६० मिनिटांची. तिथे साथीदार नाही आणि दोराबाहेर उभं राहणं नाही. १९० किलोच्या माणसाचा दम सातव्या मिनिटाला संपला, तर उरलेला वेळ समोरच्याने एकट्याने ओढायचा. शिवाय जपानी प्रेक्षक शांत बसून बारकाईने बघतो, गोंगाटात चूक बुडून जात नाही.

आणि राक्षस हा प्रकार त्यांना नवा नाही. आंद्रे द जायंट तिथे वर्षानुवर्षं लढला आणि जून १९८६ मध्ये नागोयात त्यानेही न्यू जपानचा संस्थापक इनोकी याच्यासमोर हात पिरगळल्यावर हार कबूल केली. परदेशी राक्षस शेवटी घरच्या पैलवानाला मोठं करण्यासाठीच असतो, हा तिथला जुना नेम. खली राहिला असता तर दोन-तीन वर्षांत तानाहाशी किंवा नाकामुराला खांद्यावर चढवून बाजूला झाला असता, असं माझं मत.

गुहागर३१:
रिंगसाइड, नेम पटला, पण तो दगडावरची रेघ नाही. अमेरिकेचा धिप्पाड व्हेडर बघा. डिसेंबर १९८७ मध्ये सुमो हॉलमध्ये त्याने इनोकीला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी दंगल केली, आणि एप्रिल १९८९ मध्ये तोच आयडब्ल्यूजीपी पट्टा जिंकणारा पहिला परदेशी ठरला. मार्च २००४ मध्ये बॉब सॅप, ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रॉक लेस्नर. दांडग्या परदेशी माणसाला पट्टा द्यायची तयारी होती.

पण २००२ ते २००५ या काळाची एक अट होती, आणि खलीचा घात तिनेच केला असता. इनोकीला तेव्हा खऱ्या मारामारीचं वेड लागलं होतं. ३१ डिसेंबर २००१ ला न्यू जपानच्या युजी नागाताला किकबॉक्सर मिर्को क्रो कॉपसमोर उभं केलं, अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं आटोपलं. सॅपला पट्टा मिळाला तो के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेतल्या नावावर. आता खलीच्या साथीदाराचं काय झालं बघा. सिल्व्हा २००३ च्या अखेरीस प्राइड या खऱ्या मारामारीच्या कंपनीत गेला, पहिल्याच लढतीत हीथ हेरिंगने त्याचा गळा आवळला. नंतर सुमोवाल्या अकेबोनोला हरवलं, पण एकूण हारच जास्त. सात फुटांचा माणूस एकदा पाठीवर पडला की उठायला त्याला गुडघा दुमडून अंगाखाली घ्यावा लागतो. तेवढ्या वेळात समोरचा मानेपर्यंत पोचतो. खलीच्या वाट्याला हेच आलं असतं, आणि त्याच्या पिट्यूटरी ग्रंथीवर गाठ होती, २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तसं शरीर घेऊन खरी ठोसेबाजी म्हणजे निव्वळ आत्मघात.

म्हणून न्यू जपानपेक्षा ऑल जपान ही दुसरी जपानी कंपनी त्याला जास्त मानवली असती. डोक्यावर वरून उभी थाप मारण्याचा डाव तिच्या संस्थापक जायंट बाबाचा, तिथला प्रेक्षक तो तीन दशकं बघत आला होता. खलीने तोच डाव मारला असता तर "हे काय" म्हणून कुणी हसलं नसतं, उलट बाबाची आठवण काढली असती. बाबा १९९९ च्या जानेवारीत गेला, २००० मध्ये तिथला बडा पैलवान मिसावा बरीच माणसं घेऊन नोआह या नव्या कंपनीत निघून गेला, त्यामुळे जागाही रिकामी होती.

एकच माणूस दोन कंपन्यांत कसा वेगळा दिसतो याचं खरं उदाहरण हवं असेल तर मॅट ब्लूम. डब्ल्यूडब्ल्यूईत प्रिन्स अल्बर्ट, मग ए-ट्रेन, कायम मधल्या फळीत. २००४ च्या शेवटी काढून टाकला. जपानमध्ये 'जायंट बर्नार्ड' झाला, २००६ ची न्यू जपान कप जिंकली, कार्ल अँडरसनबरोबर जोडीचा पट्टा ५६४ दिवस राखला. २०१२ मध्ये 'लॉर्ड टेन्साई' करून परत आणला, काही महिन्यांत गाडी घसरली. अंग तेच, डाव तेच. फरक एवढाच की तिकडे त्याला पंधरा-वीस मिनिटं मिळायची आणि तो ती भरू शकत होता. खली ती भरू शकला नसता. म्हणून बर्नार्डचा दाखला खलीला सरसकट लावू नका.

वेंगुर्ल्याचो_राजापार्टी:
तुमी सगळे पट्टे मोजतास, पण समोर कोण हा ता कोण बघणा नाय. दशावतारातलो राजा एका मंडळातून दुसऱ्या मंडळात गेलो की काय होता ता जत्रेक जाणाऱ्या पोराकय सांगूक व्हया नाय. लिवलेली संहिता नाय. आख्यान कसा न्हेवचा ता आत बसान ठरवतत, बाकीचा बोलणा सगळा रंगावरच. समोरचो नट सांभाळून घेणारो नसलो, तर भलो राजाय उघडो पडता. मुकुट तोच, तलवार तीच.

खलीचाय तसाच. समोर अंडरटेकर, सीना, बतिस्टा. तेच धावत, तेच पडत, ह्यो मधी खांबासारखो उभो. ३ जून २००७ ची सीनाबरोबरची लढत बघा, खयव पिन केलेला चालणारी. गर्दीतसून, सामानातसून चलान जावच्यात येळ गेलो, म्हणजे खलीचा हळू चलणा लढतीचोच भाग झाला. शेवटाक क्रेनवरसून खाली. ही आखणी करणाऱ्याचा डोक्या. जपानात समोरचो जोरात हाणता आणि तेवढ्याच जोरात परत हाण म्हणता. थय सांभाळून घेणारो एखादोच.

दापोली_सहाकोनी:
टीएनएबद्दल कुणीच बोलेना, म्हणून थोडं.

२००६ ची टीएनए म्हणजे स्पाइक टीव्हीवर एक तास, त्यातल्या जाहिराती गेल्या की जेमतेम पाऊण तास. दुसरा तास मिळाला तो ऑक्टोबर २००७ मध्ये. चित्रीकरण ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, एकाच जागी, प्रेक्षकांना प्रवेश फुकट. याचा फायदा असा की प्रवास जवळजवळ नाही. डब्ल्यूडब्ल्यूईत तेव्हा आठवड्याअखेरीस टीव्हीविना कार्यक्रम आणि मंगळवारी स्मॅकडाउनचं चित्रीकरण, म्हणजे आठवड्याचे चार दिवस रस्त्यावर. एवढ्या देहाला विमानाच्या साध्या सीटवर बसवून रोज गाव बदलणं हीच मोठी शिक्षा. छोट्या स्टुडिओत तो अजून अवाढव्य दिसला असता, हा वरचा फायदा.

तोटे आता. एक, षट्कोनी रिंग. २००४ ते २०१० ती वापरत होते आणि तिची जमीन कडक असल्याची तक्रार पैलवान करायचे. पडणं आधीच जड, त्यात हे. दोर हाही मुद्दा आहे. डब्ल्यूडब्ल्यूईत खरा दोर टेप गुंडाळून लावतात, बाकी बहुतेक ठिकाणी पोलादी तारेवर रबरी नळी असते. आंद्रेसारखं दोन दोरांत हात अडकवून घेण्याचा डाव तारेवर करून बघा म्हणजे कळेल.

दोन, जागा. अजिंक्य राक्षस तिथे आधीच होता. सामोआ जो दीड वर्ष हरला नव्हता, नोव्हेंबर २००६ मध्ये कर्ट अँगलने ती साखळी तोडली. मुखवट्यातला राक्षस म्हणून अबिस होता. वर स्टिंग, जॅरेट, ख्रिश्चन. खलीला कुणाच्या डोक्यावरून नेणार? आणि जो विरुद्ध खली ही लढत लावलीच असती, तर जोच्या वेगामुळे खली आणखी मंद दिसला असता.

तीन, पैसा. तिथे बऱ्याच जणांना हजेरीप्रमाणे मिळायचं. टीव्हीविना कार्यक्रम फारसे नाहीत, म्हणजे टी-शर्टची विक्रीही तेवढीच.

पण एक गोष्ट टीएनएच्या बाजूने जाते आणि ती आपल्या घाटमाथ्यावरची. 'रिंग का किंग'! टीएनए आणि एंडेमॉलने मिळून पुण्यात बालेवाडीला चित्रित केलं, २०१२ च्या जानेवारीपासून कलर्सवर दाखवलं, प्रचाराला हरभजन सिंग. त्याच कलर्सवर वर्षभर आधी खली बिग बॉसमध्ये उपविजेता ठरला होता. म्हणजे वाहिनी तीच, निर्माते तेच, आणि देशातला सगळ्यात ओळखीचा पैलवान मात्र डब्ल्यूडब्ल्यूईच्या कराराने बांधलेला. तो मोकळा असता तर पहिला पट्टा परदेशी मॅट मॉर्गनकडे जाण्याचं काही कारण नव्हतं. दुसरा हंगाम कधी आला नाही. खली असता तर आला असता असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, पण बोलणी तरी झाली असती.

देवगडचा_खुंट:
बर्नार्डचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. एक शंका. डब्ल्यूडब्ल्यूईतला जागतिक पट्टा तरी त्याला आखून दिला होता की लॉटरी?

मालवण_रिंगसाइड:
बरीचशी लॉटरी. जुलै २००७ मध्ये तेव्हाचा विजेता एज याचा छातीचा स्नायू फाटला, पट्टा रिकामा झाला, २० जणांची बॅटल रॉयल लावली. शेवटी केन आणि बतिस्टा दोघांना एकदम बाहेर काढून खली जिंकला. १६ सप्टेंबरला अनफरगिव्हनमध्ये बतिस्टाने परत घेतला, जेमतेम दोन महिने. पण लॉटरी म्हटली तरी तिकीट जवळ असावं लागतं. बॅटल रॉयलमध्ये राक्षस जिंकणं कुणालाही पटतं, कारण तिथे डाव लागत नाहीत, वरच्या दोरावरून माणूस उचलून टाकता आला की पुरे. जपानमध्ये पट्टा असा क्वचितच रिकामा भरतात. तिथे स्पर्धा लावतील किंवा दोघांची सरळ लढत, म्हणजे पुन्हा मिनिटांचा प्रश्न.

गुहागर३१:
आणि पंजाबी प्रिझन विसरू नका. ती खर्चिक हौस फक्त डब्ल्यूडब्ल्यूईलाच परवडणारी. बांबूचे दोन पिंजरे, आतला चौकोनी १६ फुटी, बाहेरचा अष्टकोनी २० फुटी, आतल्याला चार दारं आणि प्रत्येक दार एकदाच साठ सेकंद उघडणार. खास खलीसाठी बांधला, आणि जुलै २००६ मध्ये पहिल्याच वेळी वैद्यकीय परवानगी मिळाली नाही म्हणून त्याच्या जागी बिग शो हा दुसरा राक्षस आत गेला. खलीला तो पिंजरा मिळाला थेट ऑक्टोबर २००७ मध्ये, बतिस्टाविरुद्ध, तिथेही हरला. चढून बाहेर पडायचा प्रकार सगळ्यात जड आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी आखणारा कोण होता देव जाणे.

वेंगुर्ल्याचो_राजापार्टी:
बांबू खयचो व्हतो ता सांगा आदी. कुडाळचो माणगो लावलो असतो तर भरीव काठी, बिग शोक पण वाकली नसती.