केमोनंतर व्यायाम केला तर प्रतिकारशक्ती वाढते का?

प्रश्न: आईची केमो संपली, पांढऱ्या पेशी अजून जरा कमीच आहेत आणि ती रोज चालायला जायचं म्हणतेय. दमून इन्फेक्शन झालं तर? मला धाकधूक वाटते.

उत्तर: चालू दे तिला. व्यायामात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि एनके पेशी, टी पेशी (दोन्ही संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काही मिनिटांत रक्तात येतात, नंतर तासा-दोन तासांत रक्तातला आकडा खाली जातो त्यालाच लोक घाबरतात, पण त्या मरत नाहीत, फुफ्फुसं, आतडी अशा ठिकाणी गस्तीला जातात असं आता मानलं जातं.

दुसरं उत्तर: ताप असेल किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) खूप कमी असतील तर मात्र थांबायचं, आधी डॉक्टरांना विचारा. कॅन्सर रुग्णांच्या व्यायामाबद्दलच्या २०१९च्या सूचनांमध्ये आठवड्यात ३ वेळा ३० मिनिटं चालणं वगैरे आणि २ वेळा ताकदीचा व्यायाम सांगितलाय. सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालेल.

प्रश्नकर्ती: थँक्यू, उद्या रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारतेच.