'सॅकाड', 'अवकाशीय स्मृती' वगैरे

शब्दवेल्हाळ: मेंदूला मार लागलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 'व्हिज्युओस्पेशिअल वर्किंग मेमरी'ला मी 'दृक्-अवकाशीय कार्यकारी स्मृती' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलंय, "यात रॉकेट कुठून आलं?" 'कार्यकारी'खाली लाल रेघ आणि शेरा, "अभियंता राहिला का?" दुसरी अडचण 'सॅकाड'ची. नजर एका जागेवरून टुणकन दुसऱ्या जागी जाते ती हालचाल. वाक्याचा आशय असा, की एखादी जागा लक्षात धरून ठेवायची असताना सॅकाड होत राहिले तर ती जागा निसटते. दोन्हींना शब्द हवेत.

खडूस मास्तर: अवकाश म्हणजे मोकळी जागा, पोकळी. रॉकेट फार नंतर आलं. "तू हो म्हणायचा अवकाश" म्हणतो तेव्हा कुणी यान सोडत नाही. 'दृक्-अवकाशीय' ठेवा. 'कार्यकारी' मात्र काढा, 'कार्यस्मृती' करा.

मु. पो. वाशीम: पत्रक नातेवाईक वाचणार की प्राध्यापक? "काय कुठं पाहिलं ते तेवढ्यापुरतं ध्यानात ठेवणं" लिहा. झालं काम.

खडूस मास्तर: ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. दरवेळी सात शब्द लिहिणार?

चष्मेवाली: सात चालतील, मानसशास्त्रज्ञ मिलरने १९५६ मध्ये एका वेळी लक्षात धरण्याची माणसाची मर्यादा साधारण तेवढीच सांगितली होती :) पण ती आकड्या-शब्दांची. नुसत्या पाहिलेल्या गोष्टींची त्याहून कमी. लक आणि व्होगेल यांनी १९९७ मध्ये रंगीत चौकोन क्षणभर दाखवून पाहिले, चारेकच टिकले.
सॅकाडबद्दल. डोळे तपासताना मी दोन्ही हातांची बोटं अंतरावर धरते आणि "आता या बोटाकडे, आता त्या" म्हणते. त्या उड्या म्हणजे सॅकाड. एकच बोट हळूहळू सरकवलं तर डोळे त्याच्या मागोमाग गुळगुळीत सरकतात, ते सॅकाड नव्हेत. जागेपणी सेकंदाला तीनेक उड्या सहज होतात. हे वाचताना तुमच्याही चालल्यात. आमच्याकडे सगळे 'सॅकाड'च म्हणतात.

खडूस मास्तर: डॉक्टर मंडळी म्हणतात म्हणून ते मराठी होत नाही. संस्कृतात 'मंडूकप्लुती' आहे, बेडकासारखी उडी. त्यावरून 'नेत्रप्लुती'. सावरकरांनी 'महापौर' केला तेव्हा तोही नवाच होता.

मु. पो. वाशीम: "डॉक्टरसाहेब, बाबांना नेत्रप्लुती झाली, गोळी देता का?"

घोडनवमी: सॅकाड मुळात फ्रेंच, घोडेस्वारीतला. लगामाला दिलेला झटका. म्हणजे आपला 'हिसका'! आयता मराठी शब्द पडलाय आणि तुम्ही बेडूक शोधताय. 'नजरेचा हिसका'.

शब्दवेल्हाळ: 'हिसका दाखवणे' आहे ना, वाचणाऱ्याला धमकी वाटेल.

तांबडं फुटलं: 'भिरभिर' का नको? नजर भिरभिरते.

चष्मेवाली: भिरभिरण्यात गोंधळलेपण येतं. सॅकाड निरोगी माणसाचेही सतत होत असतात, आणि नेमके असतात.

काकूंची पुतणी: शब्द माहीत नाही, पण प्रकार पाहिलाय. आमच्याकडे हळदीकुंकवाला ताटात वीस वस्तू मांडून मिनिटभर दाखवतात, मग फडकं टाकायचं आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. काकू दरवर्षी पहिल्या. यंदा मी त्यांच्या समोर बसले होते. लिहिताना त्या कागदाकडे कमी आणि फडक्याकडेच जास्त बघत होत्या. नजर डावीकडच्या कोपऱ्यात गेली की 'अडकित्ता', खाली आली की 'सुईदोरा'. फडक्यावर काय दिसणार होतं त्यांना?

चष्मेवाली: काकूंना सांगा, स्पायवी आणि गेंग यांनी २००१ मध्ये प्रयोगशाळेत हेच पाहिलं. वस्तू पडद्यावरून गेल्यावर तिच्याबद्दल विचारलं, तर लोकांची नजर ती जिथे होती त्या रिकाम्या जागेकडे जाते. याची दुसरी बाजू शब्दवेल्हाळ यांच्या वाक्यात आहे. कोर्सीच्या चाचणीत पाटीवर नऊ ठोकळे असतात, परीक्षक ज्या क्रमाने टकटक करेल त्या क्रमाने आपण करायची. पिअर्सन आणि सहराई यांनी २००३ मध्ये तशाच कामात, क्रम मनात धरलेला असताना, मध्येच डोळे हलवायला लावले. नुसता हात हलवण्यापेक्षा त्याने जास्त घोटाळा झाला.

घोडनवमी: मग उत्तर मराठीतच आहे की. 'लक्ष दे' आणि 'लक्षात ठेव', शब्द एकच! लक्ष्य म्हणजे निशाण. जिथे नजर रोखली तेच स्मरणात. 'ध्यान दे', 'ध्यानात ठेव' हेही तसंच. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं.

खडूस मास्तर: पूर्वजांना कशाला ओढता? हिंदीतही 'ध्यान दो', 'ध्यान में रखो' आहे. त्यांच्याही पूर्वजांनी ठोकळे वाजवले होते का?

घोडनवमी: मग 'नजरेआड झालं की लक्षातून गेलं' असं आपण उगाच म्हणतो?

मु. पो. वाशीम: काकू तर नजरेआड झाल्यावरच जिंकल्या.

शब्दवेल्हाळ: मंडळी, पत्रक छपाईला जायचंय. 'स्थळस्मृती' आणि 'नजरेची उडी' असं तूर्त टाकू का?

खडूस मास्तर: 'स्थळ' म्हटलं की लग्न आठवतं.

तांबडं फुटलं: 'डोळा लवणे' हे कुणीच कसं सुचवलं नाही?

चष्मेवाली: लवते ती पापणी, बुबुळ नव्हे. सॅकाड दिसायला कठीण, स्वतःचा तर दिसतच नाही. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, डोळे हललेले कळणार नाहीत. शेजारच्याला कळतील.

काकूंची पुतणी: करून पाहिलं, खरंच! नवरा म्हणतो हलले, मला आरशात ढिम्म दिसत नाही.

तांबडं फुटलं: पण बाईचा डावा लवला की शुभ ना? आमची आजी उजवा म्हणायची.

मु. पो. वाशीम: उजवा पुरुषाचा. आजीनं आजोबांचं सांगितलं असेल.

तांबडं फुटलं: नाही हो, स्वतःचाच सांगायची. सांगलीकडे वेगळं असतं का?